पाठदुखीच्या इंजेक्शनाआधी टीबीची गोळी

पाठीच्या दुखण्यावर इंजेक्शन सुरू करायचं ठरलं आणि ते मिळण्याआधी मला टीबीची गोळी सुरू करावी लागली. मला टीबी झालेला नव्हता. खोकला नाही, ताप नाही, वजनही उतरलेलं नाही. घरी हे समजावून सांगताना दमछाक व्हायची. आई म्हणाली, "दुखालंय पाठ आणि औषध छातीचं? डॉक्टर बदल बघू आधी." असलं दुखणं अंगावर काढत फिरणारे आपल्या भागात बरेच असणार, म्हणून सगळा प्रकार जरा सविस्तर लिहितोय.

मी बेळगावात उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडर बनवणाऱ्या एका युनिटमध्ये इन्स्पेक्शनला आहे. मूळ गाव खानापूर तालुक्यात नंदगडच्या बाजूला, राहायला अनगोळात. दिवसभर उभं राहायचं, वाकायचं, बोअर म्हणजे सिलिंडरच्या आतला व्यास मोजायचा. असल्या कामात पाठ दुखणारच, असं सगळे म्हणायचे आणि मीही म्हणायचो. पण या दुखण्याची रीत उलटी होती. कामावर ते कमी असायचं. रविवारी दुपारी जेवून आडवा झालो की वाढायचं. पहाटे तीन-चारच्या सुमाराला जाग यायची ती दुखण्यानंच. कुशीवर वळायचं तर आधी श्वास धरायला लागायचा. दुखायचं कमरेच्या खाली, ढुंगणाच्या आत खोलवर, कधी डावीकडं तर कधी उजवीकडं. सकाळी अंग लाकडासारखं. मोकळं व्हायला तासभर सहज जायचा.

या काळात मला काय काय झालंय म्हणून सांगण्यात आलं, त्याची यादी मोठी आहे. मणक्यात गॅप आलाय, नस दबलीय, गादी सरकलीय, मोटारसायकल सोड, खाली बसून जेवू नको. पट्टा झाला, शेक झाला, वजन लावून पाय ओढून झाले. एका दवाखान्यात सक्त विश्रांती सांगितली आणि त्या विश्रांतीत मी जितका आखडलो तितका कधीच आखडलो नव्हतो. एक्स-रे मात्र दरवेळी ठीक.

दुखण्याचा पत्ता लागला तो डोळ्यामुळं. एका सकाळी उजवा डोळा लालबुंद, आत ठणका, उजेड सहन होईना. डोळे आलेत म्हणून मेडिकलमधून थेंब आणणार होतो, पण दृष्टी धूसर वाटली म्हणून डोळ्याच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बेन्नु नोवु इदे एनु?" पाठ दुखते का? मी चकित. डोळ्याच्या मधल्या थराला सूज आली होती, तिला युव्हायटिस म्हणतात. तरुण माणसाला एका डोळ्यात असं अचानक झालं आणि त्याची पाठ सकाळी आखडत असेल, तर दोन्हींचं मूळ एकच असू शकतं, असं त्यांनी सांगितलं. डोळ्यात घालायला स्टेरॉइडचे थेंब दिले आणि संधिवाताच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहिली. इतकी वर्षं पाठ दाखवत हिंडलो आणि निदान निघालं डोळ्यातून.

संधिवाताच्या डॉक्टरांकडं बाहेरच्या बाकड्यावर चिक्कोडी, गोकाक, चंदगड, सावंतवाडी असा सगळा मुलूख बसलेला असतो. कन्नड, मराठी, कोकणी एकाच वेळी कानावर पडतं. काउंटरवरची मुलगी प्रत्येकाला "स्वल्प तडी री", जरा थांबा, म्हणत असते आणि प्रत्येकाला ते कळतं. आत गेल्यावर डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवली आणि प्रश्न विचारले. कितव्या वर्षी सुरू झालं? आराम केल्यावर कमी होतं की वाढतं? रात्री कधी जाग येते? सकाळी किती वेळ आखडतं? घरात कुणाला सोरायसिस, आतड्याची सूज, डोळ्याचा त्रास? मग उभं करून कमरेवर पेनानं दहा सेंटिमीटरच्या अंतरानं दोन खुणा केल्या आणि वाकायला सांगितलं. चांगल्या पाठीत हे अंतर वाढून पंधराच्या आसपास जायला हवं. माझं साडेबारावर अडकलं. मग छाती फुगवायला लावून टेपनं मोजलं. मोजमाप हा माझा धंदा. तोवर माझ्या पाठीला कुणी टेपच लावली नव्हती, हे मला तिथं जाणवलं.

रक्तात सीआरपी वाढलेला निघाला. हे प्रथिन यकृतात तयार होतं आणि शरीरात कुठं सूज असली की वाढतं. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. म्हणजे संसर्ग शोधताना सापडलेली गोष्ट आज माझ्यासारख्याच्या पाठीची सूज मोजायला वापरतात. कमरेच्या सांध्यांचा एमआरआय केला. एक्स-रेत जे दिसत नव्हतं ते त्यात दिसलं: माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाच्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांत, हाडाच्या आत, सूज. एचएलए-बी२७ ही तपासणीही पॉझिटिव्ह आली. रोगाचं नाव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा आणि कमरेच्या सांध्यांचा संधिवात.

बी२७बद्दल थोडं सांगायला पाहिजे, कारण रिपोर्टवर पॉझिटिव्ह वाचून माझ्या बायकोची झोप उडाली होती. हा जंतू नाही. तो आपल्या पेशींवरच्या रेणूंचा एक नमुना आहे, आईबापाकडून येतो. पेशीच्या आत जे काही प्रथिन तयार होतं त्याचे तुकडे हे रेणू पेशीच्या पृष्ठभागावर आणून टी-पेशींना, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशींना, दाखवतात. त्यात विषाणूचा तुकडा दिसला तर टी-पेशी त्या पेशीला मारतात. १९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या दोन गटांनी वेगवेगळं काम करून दाखवलं, की या रोगाच्या बहुतेक रुग्णांत हा एकच नमुना आढळतो. पण बी२७ असलेल्या बहुतेक लोकांना हा रोग आयुष्यात कधीच होत नाही. म्हणून मुलीची तपासणी लगेच करायची का, या प्रश्नावर डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं. आणि याच नमुन्याची दुसरी बाजू अशी, की बी२७ असलेल्या माणसांत एचआयव्हीचा संसर्ग सहसा सावकाश वाढतो, आणि हिपॅटायटिस सी औषधाविना आपोआप निघून जाण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त दिसतं. विषाणूला चांगलं ओळखणारा रेणू आणि पाठीला छळणारा रेणू एकच. तो पाठीला नेमका कसा छळतो यावर अजून एकमत नाही, दोन-तीन तर्क आहेत.

आधी सुजेच्या गोळ्या आणि व्यायाम. पहिली गोळी पुरेसे आठवडे घेतली, मग दुसरी. थोडा फरक पडला. पहाटेची जाग काही गेली नाही, सीआरपीही उतरला नाही. तेव्हा डॉक्टरांनी इंजेक्शनाचा विषय काढला. औषधाचं नाव अडॅलिमुमॅब. दर चौदा दिवसांनी पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली चाळीस मिलिग्रॅम.

हे औषध म्हणजे एक प्रतिपिंड आहे, शरीरातल्या एकाच रेणूला धरून निकामी करणारं. त्या रेणूचं नाव ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, सगळे टीएनएफ म्हणतात. १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड यांच्या गटानं त्याला हे नाव दिलं, कारण उंदरांतल्या गाठी त्यानं मरत होत्या. पुढं कळलं की हा रेणू मुख्यतः सूज पेटवण्याचं काम करतो. जंतू दिसला की मॅक्रोफेज नावाच्या पेशी तो सोडतात, रक्तवाहिन्या सैल होतात, आणखी पेशी गोळा होतात. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रवींदर मैनी यांनी संधिवाताच्या सांध्यांचे तुकडे प्रयोगशाळेत वाढवून दाखवलं, की टीएनएफ अडवला तर सुजेचे बाकीचे कितीतरी रेणूही खाली येतात. १९९२मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णांना टीएनएफविरोधी प्रतिपिंड दिलं. अडॅलिमुमॅब त्यानंतरचं. ते पूर्णपणे मानवी प्रतिपिंड आहे आणि ज्या पद्धतीनं ते शोधलं, त्या पद्धतीबद्दल ग्रेगरी विंटर आणि जॉर्ज स्मिथ यांना २०१८मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडं ते परवडायला लागलं त्याचं कारण झायडसनं २०१४मध्ये आणलेली त्याची देशी आवृत्ती आणि नंतर आलेल्या इतर कंपन्यांच्या आवृत्त्या. परवडायला लागलं म्हणजे तरी काय, पगारातला मोठा तुकडा जातोच. माझा मेडिक्लेम हे इंजेक्शन धरत नाही, कारण ॲडमिट व्हावं लागत नाही.

आता टीबी. या औषधांपैकी पहिलं, इन्फ्लिक्सिमॅब, बाजारात आल्यावर तीनेक वर्षांत, २००१ साली, अमेरिकेत एक अहवाल निघाला. ते औषध घेणाऱ्यांत टीबीचे ७० रुग्ण नोंदले गेले होते. बहुतेकांना तो पहिल्या तीन डोसांच्या आतच झाला होता. आणि निम्म्याहून जास्त लोकांना फुप्फुसाबाहेर झाला होता. नेहमीच्या टीबीत असं इतक्या प्रमाणात होत नाही. प्रयोगशाळेतल्या लोकांना याची चाहूल आधीच होती. टीएनएफचं काम बंद पाडलेल्या उंदरांना टीबीचा जंतू आवरत नाही, हे १९९५मध्येच छापून आलं होतं.

कारण असं. टीबीचा जंतू श्वासातून आत आला की बहुतेक माणसांत शरीर त्याला मारूनही टाकत नाही आणि पसरूही देत नाही. मॅक्रोफेज त्याला गिळतात, त्यांच्याभोवती टी-पेशी जमतात, आणि एक बारीक गाठ तयार होते, ग्रॅन्युलोमा. तिच्या आत जंतू वर्षानुवर्षं राहू शकतो. माणूस धडधाकट असतो, थुंकीत काही नसतं, दुसऱ्याला काही लागत नाही. अशा दहा माणसांपैकी फार तर एकाला आयुष्यात कधीतरी खरा टीबी होतो. पण ही गाठ एकदा बांधली आणि झालं, असं नसतं. ती टिकवायला पेशींना सतत निरोप द्यावे लागतात आणि त्या निरोपांतला एक मोठा निरोप टीएनएफचा.

शॉपमधल्या मित्रांना मी हे असं सांगितलं. एकाच पॉवरपॅकवर, म्हणजे तेलाला प्रेशर देणाऱ्या पंपावर, दोन लाइनी आहेत. एका लाइनीवर प्रेशर जास्त होऊन सील फुटालंय, तेल गळालंय. दुसऱ्या लाइनीवर क्लॅम्प आहे, त्यानं जॉब धरलाय. गळती थांबवायला तुम्ही पंपाचंच प्रेशर उतरवलं, तर गळती थांबेल आणि क्लॅम्पही सुटेल. म्हणून प्रेशर उतरवायच्या आधी क्लॅम्पमध्ये काही आहे का ते बघायचं. दोन वाक्यांत सगळ्यांना कळलं. घरी मात्र याचा उपयोग झाला नाही.

तर क्लॅम्पमध्ये काय आहे ते बघण्याच्या तपासण्या. छातीचा एक्स-रे. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही, कारण बी प्रकारची कावीळही अशीच दडून राहते आणि अशा औषधांवर उसळू शकते. आणि मॅन्टू, टीबीची हातावरची तपासणी.

मॅन्टूसाठी हाताच्या आतल्या बाजूला, कातडीच्या अगदी वरच्या थरात, ट्युबरक्युलिनचा थेंबभर डोस देतात. डास चावल्यासारखा फुगवटा येतो आणि विरतो. मग अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांत परत जाऊन दाखवायचं. ट्युबरक्युलिन मुळात रॉबर्ट कॉख यांनी १८९०मध्ये टीबीवरचं औषध म्हणून जाहीर केलं होतं. औषध म्हणून ते फसलं आणि तपासणी म्हणून आजवर टिकलं. माझा हात दुसऱ्या दिवशीच लाल झाला. सिस्टरनी लाली मोजलीच नाही. त्या बॉलपेन कातडीवरून बाहेरून आत सरकवत आणायच्या आणि जिथं पेन अडलं तिथं खूण करायच्या. दोन्ही बाजूंनी केल्यावर मधलं अंतर पट्टीनं मोजलं. १४ मिलिमीटर. लाली किती का असेना, घट्टपणा किती तेच मोजायचं. मला ही रीत फार आवडली.

पण १४ मिलिमीटरचा अर्थ लावायचा कसा? माझ्या डाव्या दंडावर बीसीजीचा, टीबीच्या लशीचा, वण आहे. बीसीजीच्या जंतूचे आणि टीबीच्या जंतूचे बरेच घटक सारखे असल्यामुळं मॅन्टू बीसीजीमुळंही फुगू शकते. म्हणून डॉक्टरांनी इग्रा ही रक्ताची तपासणी सांगितली. यात तुमच्या रक्तातल्या टी-पेशींना नळीतच टीबीच्या जंतूचे दोन प्रकारचे तुकडे दाखवतात, ते रक्त रात्रभर शरीराच्या तापमानाला ठेवतात, आणि पेशींनी गॅमा इंटरफेरॉन हा निरोपाचा रेणू सोडला का ते मोजतात. ज्या पेशींनी पूर्वी टीबीचा जंतू पाहिलाय त्याच ओळख दाखवतात. ते दोन तुकडे बीसीजीत नसतात. बीसीजीचा जंतू प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवताना त्याच्या जनुकांतला तो भाग गळून गेलाय. एक नळी कोरी असते, एका नळीत पेशींना मुद्दाम चेतवणारं रसायन असतं. कोऱ्या नळीत इंटरफेरॉन दिसायला नको आणि चेतवलेल्या नळीत दिसायलाच पाहिजे. दोन्ही तसंच निघालं, तरच मधल्या नळ्यांचा आकडा खरा मानायचा. शून्य आणि मास्टर तपासल्याशिवाय आम्हीही गेजवर विश्वास ठेवत नाही. माझी इग्रा पॉझिटिव्ह आली.

त्या रात्री आई म्हणाली, "तुझा काका." मी शाळेत असताना काकांना टीबी झाला होता. एकत्र घर, एकच सोपा, म्हणजे ओसरी. आम्ही पोरं त्यांच्या शेजारीच झोपायचो. त्यांच्या नावाचा औषधाचा डबा आरोग्य केंद्रात असायचा, तिथं जाऊन समोर गोळ्या घ्यायच्या. ते बरे झाले, अजून शेतात जातात. जंतू मला त्यांच्याकडूनच आला असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात जी मोठी पाहणी झाली, तिच्यात पंधरा वर्षांवरच्या लोकांत साधारण ३१ टक्क्यांत टीबीचा संसर्ग आढळला होता. मला तो बसमध्येही लागलेला असू शकतो. पण आईनं काकांना धरलं आणि काकांनाही ते फार लागलं. ते भेटायला आले तेव्हा सोप्यावर लांब बसले. मी उठून शेजारी बसलो.

डॉक्टरांनी एक्स-रे स्वच्छ असल्याची खात्री केली, कारण आत खरा टीबी चालू असेल तर एकट्या गोळीनं भागत नाही, उलट जंतू त्या गोळीला जुमानेनासा होतो. मग आयसोनियाझिड ही टीबीची गोळी, तीनशे मिलिग्रॅम रोज, सहा महिने, आणि सोबत बी६ जीवनसत्त्व, हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून. यातला किमान महिना झाल्याशिवाय इंजेक्शन नाही. आठवड्यातून एकदा घ्यायच्या दोन औषधांचा तीन महिन्यांचा कोर्सही असतो. माझ्या बाबतीत त्यांनी रोजची गोळी निवडली.

गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, नोंद करावी लागते. फॉर्म कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं, वाचायला जरा वेळ लागतो; तिथल्या बाईंनी विचारून विचारून स्वतःच भरला. "खोकला आहे का" या रकान्यात नाही, "ताप" नाही, "वजन घटलं" नाही. मग आशाताई अनगोळात घरी आल्या आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली. शेजारच्या काकूंनी बायकोला बाजूला घेऊन विचारलं, भांडी वेगळी ठेवलीस का? बायकोनं त्यांना चहाला बोलावलं आणि माझ्याच कपात दिला, असं तिचं म्हणणं आहे. मी तेव्हा कामावर होतो.

तो महिना जड गेला. पाठ तशीच, सुजेच्या गोळ्या चालू, वर यकृताची काळजी. आयसोनियाझिडनं काहींचं यकृत बिघडतं, म्हणून मधे रक्त तपासायचं, दारू पूर्ण बंद, भूक मेली किंवा डोळे पिवळे दिसले की गोळी थांबवून यायचं. माझं एसजीपीटी, म्हणजे यकृताचं माप, किंचित वर गेलं आणि आपलं आपण खाली आलं. बायकोनं या दिवसांत मला एक प्रश्न विचारला, तो मी डॉक्टरांना नेऊन विचारला: टीएनएफ टीबीला धरून ठेवतो, तर मग तो जितका जास्त तितका चांगला का नाही?

डॉक्टरांनी माशांची गोष्ट सांगितली. झेब्राफिश हा आपल्याच देशातल्या ओढ्यांतला बारीक पट्ट्यांचा मासा. त्याची पिल्लं पारदर्शक असतात, म्हणून आतले जंतू आणि पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत दिसतात. बडोद्यात वैद्यकीचं शिक्षण झालेल्या ललिता रामकृष्णन यांनी या माशांना टीबीच्या जंतूचा सख्खा नातेवाईक टोचून वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या गटाला दिसलं, की टीएनएफ कमी पडला तर मॅक्रोफेजच्या आत जंतू माजतात आणि पेशी मरते. पण टीएनएफ फार झाला तरीही पेशी मरते, जंतू बाहेर पडतात आणि मोकळ्यावर आणखी वाढतात. दोन्ही टोकांना जंतूचाच फायदा. टीबीच्या मेंदूज्वरात जंतूंच्या औषधांबरोबर स्टेरॉइड देतात ते याच कारणानं, तिथं सूजच जीव घेते. माझ्या कमरेत टीएनएफ नको तितका होता आणि काकांकडून आलेल्या, किंवा न आलेल्या, त्या गाठीभोवती हवा तितका. औषधाला हा फरक कळत नाही, ते सगळीकडचा टीएनएफ धरतं.

महिना संपल्यावर पहिलं इंजेक्शन दवाखान्यातच घेतलं, सिस्टरनी शिकवलं. त्याआधी न्यूमोनियाची आणि फ्लूची लस घेऊन झाली होती; जिवंत जंतूंच्या लशी आता घ्यायच्या नाहीत. इंजेक्शनापेक्षा ते सांभाळणं जास्त कटकटीचं. दोन ते आठ अंशांतच राहायला पाहिजे, आणि गोठलं तर फेकून द्यायचं, म्हणून फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकवायचं नाही. अनगोळात ठीक आहे. गावी पावसाळ्यात लाईट गेली की दोन-दोन दिवस येत नाही, त्यामुळं गणपतीला जायचं असलं की डोसाची तारीख बघून जातो. अगदीच जमलं नाही तर थर्मासात बर्फाची पिशवी, मधे फडकं, आणि आत एक साधं थर्मामीटर. घ्यायच्या आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवायचं, गार टोचलं तर चरचरतं. पहिल्या वेळी आई देवघरात जाऊन बसली होती.

फरक काही आठवड्यांतच कळला. पहाटेची जाग गेली. सीआरपी नॉर्मलच्या आत आला. वाकल्यावरचं अंतर मात्र अजून पंधराला भिडलेलं नाही. जे आखडून गेलंय ते इंजेक्शनानं सुटत नाही, त्याला व्यायामच. म्हणून सकाळी टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोवर फिरायला जातो. झाडी चांगली आहे. तिथं गेल्या शतकात देवीची लस तयार व्हायची. देवीनिर्मूलनाच्या मोहिमेत देशातल्या मोजक्या ठिकाणी लस बनत होती, त्यातलं हे एक. बरोबर फिरणाऱ्या बऱ्याच जणांना हे माहीत नाही. मला तिथं चालताना गंमत वाटते ती वेगळीच. देवीच्या विषाणूकडं स्वतःचं एक प्रथिन होतं, ते माणसाच्या टीएनएफला पकडून निकामी करायचं. आत शिरल्यावर बचाव ढिला पडावा म्हणून. माझं औषध ज्या रेणूला धरतं, त्यालाच तो विषाणू धरत होता.

आयसोनियाझिडचा कोर्स इंजेक्शन चालू असतानाच पुरा झाला. मॅन्टू आणि इग्रा पुन्हा करायच्या नाहीत, त्या बहुधा पॉझिटिव्हच राहणार. आता भरवसा विचारपुशीवर, वजनावर आणि लागेल तेव्हा एक्स-रेवर. नव्यानं जंतू लागू शकतो, त्यामुळं धोका शून्य झाला असं डॉक्टर म्हणत नाहीत. तापाचा नियम ठरलेला आहे: ताप असला तर त्या खेपेचं इंजेक्शन पुढं ढकलायचं आणि फोन करायचा, घरच्या घरी पॅरासिटामॉलवर काढायचा नाही. गेल्या पावसाळ्यात असं एकदा झालं. तपासण्या केल्या, साधा व्हायरल निघाला, इंजेक्शन आठवडाभर लांबलं आणि त्या आठवड्यात पाठीनं पुन्हा तोंड वर काढलं.

त्यावरूनच आता पुढचा विषय निघालाय. दुखणं शांत असेल तर डोसांमधलं अंतर चौदा दिवसांवरून तीन आठवडे करून बघता येतं. काहींना जमतं, काहींची सूज परत येते. पैसे वाचतील, टीएनएफही थोडा मोकळा राहील. डॉक्टर म्हणाले, अजून दोन वेळा सीआरपी आणि एक एमआरआय बघू, मग ठरवू. तोवर चौदा दिवसच.